ग्राम अभिरंजनातून जिवाणूची पेशी: कोकणातल्या शालेय प्रयोगशाळेसाठी सविस्तर मार्गदर्शन

जिवाणूच्या पेशीची आकृती विद्यार्थी परीक्षेत बिनचूक काढतात आणि पेशीभित्तिका, पेशीपटल, रायबोसोम, कशाभिका ही नावेही बाण काढून लिहितात. परंतु ही भित्तिका नसती तर पेशीचे काय झाले असते, असे विचारल्यावर बहुतेकांची लेखणी थांबते. रचना आणि कार्य यांचा मेळ पाठांतराने बसत नाही. तो बसवण्यासाठी शाळेच्या आवाक्यातला सर्वांत उपयुक्त प्रयोग म्हणजे ग्राम अभिरंजन, अर्थात जिवाणूंना रंग देऊन पाहण्याची एक पद्धत, होय. हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश वैद्याने न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतील जिवाणू ठळक दिसावेत म्हणून बर्लिनमध्ये ही पद्धत शोधली आणि १८८४ साली प्रसिद्ध केली. काही जिवाणू रंग धरून ठेवतात आणि काही सोडून देतात, एवढेच त्याला दिसले होते. यामागचे कारण पेशीच्या भित्तिकेत आहे, हे पुष्कळ नंतर उलगडले. पुस्तकांत ही पद्धत जिवाणू ओळखण्याचे साधन म्हणून येते, पण शिकवण्याच्या दृष्टीने तिचे मोल याहून अधिक आहे, कारण तिची प्रत्येक पायरी पेशीच्या कोणत्या ना कोणत्या भागाची परीक्षा घेत असते.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये डोळ्यांपुढे ठेवून पुढील कृती लिहिली आहे. तिच्यासाठी लागणारे सर्व नमुने घरात, शेतात किंवा बाजारात मिळतात.

साहित्य

१०० पट वर्धनाची ऑइल इमर्शन लेन्स असलेला सूक्ष्मदर्शक हवा. १० पट वर्धनाच्या नेत्रभिंगाबरोबर तो वस्तू १,००० पट मोठी दाखवतो. ४० पटीच्या लेन्सखाली जिवाणू ठिपक्यांसारखे दिसतात, परंतु रंगातला फरक खात्रीने सांगता येत नाही. लेन्स आणि काचपट्टी यांच्यामध्ये इमर्शन ऑइलच घालावे. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५१५ म्हणजे काचेइतकाच असतो, त्यामुळे प्रकाशकिरण वाटेत वाकत नाहीत. आपल्याकडे घरोघरी असलेले खोबरेल तेल वापरण्याचा मोह होतो. पण त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४५ आहे, प्रतिमा पुसट येते आणि थंडीत ते लेन्सवरच गोठते.

रंगांमध्ये क्रिस्टल व्हायोलेट, ग्रामचे आयोडीन, ९५ टक्के अल्कोहोल आणि सॅफ्रॅनिन ही चार द्रावणे लागतात. ग्रामचे आयोडीन शाळेतही करता येते: २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात विरघळवून त्यात १ ग्रॅम आयोडीन घालावे, ते पूर्ण विरघळल्यावर एकूण पाणी ३०० मिलिलिटर करावे आणि द्रावण तपकिरी बाटलीत ठेवावे. रंग फिका पडलेले आयोडीन फेकून द्यावे. जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन येथे चालत नाही, कारण त्यात अल्कोहोल असते आणि ते रंग पक्का करण्याऐवजी काढू लागते. याखेरीज मेथिलीन ब्लू, स्पिरिटचा दिवा, ड्रॉपर, निक्रोमच्या तारेचा लूप आणि काचेवर लिहायची पेन्सिल जवळ असावी.

नमुने

पहिला नमुना घरच्या दह्याचा. त्यात लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस आणि लॅक्टोबॅसिलस या प्रजातींचे जिवाणू आढळतात आणि हे सर्व ग्राम-धन, म्हणजे पहिला जांभळा रंग धरून ठेवणारे, असतात. दही आदल्या रात्री विरजलेले असावे. चार दिवसांच्या आंबट दह्यातील पेशी म्हाताऱ्या झालेल्या असतात, त्यांच्या भित्तिका जागोजागी विरतात आणि ग्राम-धन जिवाणूही गुलाबी दिसू लागतात. दह्यातले केसीन हे प्रथिन रंग शोषून घेते व पार्श्वभूमी मळकट होते. म्हणून दह्यावर सुटलेले पाणी तेवढे घ्यावे.

दुसरा नमुना ग्राम-ऋण, म्हणजे जांभळा रंग सोडून शेवटी गुलाबी दिसणाऱ्या जिवाणूंचा, हवा आणि तो निर्धोकही हवा. यासाठी भातकापणीनंतर जमिनीच्या ओलीवर घेतल्या जाणाऱ्या चवळी, कुळीथ किंवा वाल यांच्या मुळांवरील गाठींसारखा दुसरा नमुना नाही; नायट्रोजन स्थिर करणारे ग्राम-ऋण जिवाणू या गाठींत राहतात. पीक फुलावर येण्याच्या सुमारास रोप उपटू नये, कारण उपटल्यास गाठी मातीतच तुटून राहतात; खुरप्याने भोवतालची माती सैल करून मुळांसह उचलावे आणि मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत. एक गाठ नखाने दुभंगून पाहावी. आत मांसल गुलाबी रंग दिसला तर गाठ कामाची आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. नायट्रोजन स्थिर करणारे नायट्रोजनेज हे विकर ऑक्सिजनच्या संपर्काने निकामी होते, म्हणून गाठीतील मोकळा ऑक्सिजन अगदी कमी ठेवण्याचे आणि तरीही जिवाणूंना श्वसनापुरता तो पोहोचवण्याचे काम हे लेगहिमोग्लोबिन करते. हिरवट किंवा तपकिरी पडलेल्या गाठी घेऊ नयेत.

काय घेऊ नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गटाराचे पाणी, आजारी माणसाचा किंवा जनावराचा कोणताही नमुना आणि पावसाळ्यातले भातखाचराचे पाणी विद्यार्थ्यांनी हाताळू नये. कोकणात लेप्टो म्हणून सर्वांना माहीत असलेल्या रोगाचा जिवाणू, लेप्टोस्पायरा, अशाच पाण्यातून हातापायांच्या जखमांवाटे शरीरात शिरतो. शिवाय त्याची जाडी अवघी ०.१ मायक्रोमीटर असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसणारही नाही. रचनेच्या दृष्टीने मात्र तो लक्षात ठेवण्याजोगा आहे: त्याच्या कशाभिका (हालचालीसाठीचे बारीक धागे) बाहेर लोंबत नाहीत, तर दोन पटलांच्या मधल्या जागेत राहून संपूर्ण शरीरालाच मळसूत्रासारखे फिरवतात.

लेप तयार करणे

काचपट्टी स्पिरिटने पुसून ज्योतीवरून एकदा फिरवावी, म्हणजे बोटांचा तेलकटपणा जाईल. पट्टीच्या खालच्या बाजूस पेन्सिलीने शेजारी शेजारी दोन वर्तुळे काढावीत. डाव्या वर्तुळात दह्याच्या पाण्याचा लहानसा थेंब लूपने पातळ पसरावा. गाठ स्पिरिटमध्ये क्षणभर बुडवून स्वच्छ पाण्याने धुवावी, दुसऱ्या पट्टीवर पाण्याच्या थेंबात चिरडावी, चोथा बाजूला सारावा आणि उरलेला दुधाळ द्रव उजव्या वर्तुळात पसरावा. दोन्ही नमुने एकाच पट्टीवर घेण्याचा आग्रह मी धरतो, कारण त्यांच्यावरील रंग, वेळ आणि धुणे सर्वस्वी सारखे होते. मग जो फरक दिसेल तो पेशींचाच, असे ठामपणे म्हणता येते.

लेप हवेवर पूर्ण वाळू द्यावा. जून ते सप्टेंबर या महिन्यांत किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही. अशा वेळी पट्टी ज्योतीपासून वीतभर उंच धरून कोमट करावी, मात्र ओला लेप कधीही थेट तापवू नये, कारण पाणी उकळताच पेशी फुटतात. लेप वाळल्यावर पट्टी ज्योतीतून तीन वेळा झटकन न्यावी. या उष्णतेने प्रथिने गोठून पेशी काचेला चिकटतात आणि मरतात. पट्टी मनगटाच्या मागच्या बाजूला सहन होईल इतकीच गरम झालेली असावी.

अभिरंजनाच्या चार पायऱ्या

पट्टी गार झाल्यावर क्रिस्टल व्हायोलेटने झाकून एक मिनिट ठेवावी आणि पाण्याच्या बारीक धारेने धुवावी. हा रंग धनभारित असतो आणि पेशीतील ऋणभारित घटकांना चिकटतो. या टप्प्यावर थांबून पाहिले तर दोन्ही वर्तुळांतील पेशी सारख्याच जांभळ्या दिसतात. एका गटाने इथेच थांबून आपली पट्टी पाहावी. पुढचा फरक कुठे पडतो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर आयोडीन एक मिनिट ठेवावे. पेशीत शिरलेला रंग आणि आयोडीन यांचा मोठा, पाण्यात न विरघळणारा संयुग तयार होतो. आत जाताना लहान असलेला रंग आता बाहेर येण्यास अवघड झालेला असतो.

तिसरी पायरी अल्कोहोलची, आणि प्रयोगाचे यशापयश येथेच ठरते. पट्टी तिरकी धरून वरून थेंब थेंब अल्कोहोल सोडावे. ओघळणाऱ्या थेंबांतील जांभळा रंग नाहीसा होताच, साधारण १० ते १५ सेकंदांत, लगेच पाण्याने धुवावे. एवढ्या अवधीत पेशीत काय घडते ते समजण्यासाठी भित्तिकेची बांधणी माहीत हवी. पेप्टिडोग्लायकन या पदार्थाचे लांब धागे एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसामाइन आणि एन-अ‍ॅसिटिल म्युरॅमिक आम्ल या दोन घटकांच्या आलटून पालटून येणाऱ्या कड्यांचे असतात, आणि अमिनो आम्लांचे आखूड दुवे शेजारच्या धाग्यांना एकमेकांशी बांधतात. मासेमारीच्या जाळ्यात दोऱ्या कितीही मजबूत असल्या तरी जाळे टिकते ते गाठींमुळे. इथे त्या गाठींचे काम अमिनो आम्लांचे दुवे करतात. ग्राम-धन जिवाणूत अशा जाळ्यांचे अनेक थर मिळून २० ते ८० नॅनोमीटर जाडीची भित्तिका होते. अल्कोहोलने तिच्यातील पाणी ओढले जाते, ती आवळते, तिची छिद्रे अरुंद होतात आणि जांभळा संयुग आतच अडकून पडतो. ग्राम-ऋण जिवाणूत ही भित्तिका १० नॅनोमीटरपेक्षाही पातळ असते, आणि तिच्याबाहेर मेदयुक्त असे आणखी एक पटल असते. अल्कोहोल या बाह्यपटलातील मेद विरघळवते, आतली पातळ भित्तिका संयुगाला रोखू शकत नाही आणि पेशी रंगहीन होते.

शेवटी सॅफ्रॅनिन पाऊण ते एक मिनिट ठेवून धुवावे. हा दुसरा रंग ग्रामच्या मूळ पद्धतीचा भाग नव्हता. तो नंतरच्या संशोधकांनी जोडला. रंगहीन झालेल्या पेशी त्याने गुलाबी होतात. जांभळ्या पेशीही हा रंग घेतात, पण त्यांच्या गडद छटेत तो लपून जातो. पट्टी टिपकागदाने टिपून घ्यावी, पुसू नये.

पट्टी वाचणे

आधी १० पटीच्या लेन्सने रंगाचा पातळ भाग शोधावा, मग तेलाचा थेंब टाकून १०० पटीची लेन्स फिरवावी. डाव्या वर्तुळात जांभळे गोलाणू जोडीने किंवा माळेने आणि मधूनच लांबट दंडाणू दिसतील. त्यांच्यात एखादी पाच मायक्रोमीटरच्या आसपासची मोठी लंबगोल पेशी दिसली आणि तिला अंकुर फुटलेला असला, तर ती यीस्टची समजावी; आकारातला हा फरक मुलांना अवश्य दाखवावा, कारण केंद्रक असलेली पेशी आणि केंद्रक नसलेली पेशी एकाच दृष्टिक्षेपात आलेल्या असतात. उजवीकडे गुलाबी, किंचित फुगीर दंडाणू दिसतील. त्यांच्यात पुष्कळदा रंग न घेतलेले चकचकीत ठिपके असतात. ती पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट या साठवणीच्या पदार्थाची कणिका होय.

दोन्ही वर्तुळे जांभळी आली तर लेप जाड झाला किंवा अल्कोहोल कमी पडले, असे समजावे. दोन्ही गुलाबी आली तर अल्कोहोल जास्त झाले, लेप करपला, आयोडीन जुने होते किंवा दही शिळे होते, या क्रमाने शोध घ्यावा.

निकाल हाती आल्यावरच भित्तिकेच्या कार्याकडे वळावे. पेशीच्या आत विद्राव्य पदार्थांची दाटी असल्याने बाहेरचे पाणी सतत आत येऊ पाहते. भित्तिका नसती तर साध्या पाण्यात पेशी फुगून फुटली असती. पेनिसिलिन नेमका याचाच फायदा घेते: भित्तिका वाढत असताना धाग्यांमधले दुवे जोडणाऱ्या विकराला ते निकामी करते, पेशी वाढत राहते आणि कमकुवत जागी फुटते. अश्रू आणि अंड्याचा पांढरा बलक यांतील लायसोझाइम हे विकर, ज्याचे वर्णन अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ साली केले, थेट धागेच तोडते. ग्राम-ऋण जिवाणूंवर ही दोन्ही अस्त्रे अनेकदा कमी पडतात, कारण बाह्यपटल वाटेत आडवे येते. त्यातील पोरिन नावाच्या प्रथिनांच्या छिद्रांतून लहान रेणूच सहज आत जातात.

जे दिसत नाही त्याचे काम पाहणे

पेशीपटल साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, परंतु त्याचे काम परीक्षानळीत पाहता येते. जिवाणूला तंतुकणिका नसतात. श्वसनातील इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण पेशीपटलावरच चालते. १० मिलिलिटर कच्च्या दुधात मेथिलीन ब्लूचे अतिशय विरल द्रावण १ मिलिलिटर मिसळून नळी बुचाने बंद करावी आणि ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या कोमट पाण्यात उभी ठेवावी. शेजारी उकळून गार केलेल्या दुधाची तशीच नळी ठेवावी. कच्च्या दुधातील जिवाणू प्रथम विरघळलेला ऑक्सिजन संपवतात, नंतर त्यांचे इलेक्ट्रॉन मेथिलीन ब्लूला मिळतात आणि निळे दूध तळापासून पांढरे होत जाते. वरच्या कडेला हवेलगत एक निळे कडे मात्र बराच वेळ टिकून राहते, आणि नळी हलवली की निळा रंग परत येतो, कारण ऑक्सिजन त्या रंगाचे पुन्हा ऑक्सिडीकरण करतो. दूध जितके जिवाणूंनी भरलेले तितका रंग लवकर जातो. दुग्धशाळांत दुधाची प्रत याच तत्त्वावर पारखली जात आली आहे.

आतील डीएनएविषयी आकडेच अधिक बोलके आहेत. ई. कोलायच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख बेस-जोड्या असतात आणि ते ताणले तर दीड मिलिमीटर लांब होईल. पेशी मात्र अवघी दोन मायक्रोमीटर लांब असते. हे गुणसूत्र वळ्या घालून पेशीच्या मध्यभागी राहते, त्याला केंद्रकाचे आवरण नसते, आणि म्हणून एका टोकाला आरएनए तयार होत असतानाच दुसऱ्या टोकाला रायबोसोम त्याच्यावर प्रथिने बनवू लागतात. जिवाणूचे रायबोसोम ७०एस प्रकारचे, तर आपल्या पेशीद्रवातील ८०एस प्रकारचे असतात. लेप्टोसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमच्या ३०एस या लहान भागाला चिकटते. रचनेतील या फरकामुळेच औषध रोग्यापेक्षा रोगजंतूला अधिक बाधते.

हालचाल आणि बीजाणू: पेंढ्याचे पाणी

भाताच्या पेंढ्याचे मूठभर तुकडे पाण्यात दहा मिनिटे उकळावेत, भांडे फडक्याने झाकावे आणि दोन दिवस खोलीत ठेवावे. पृष्ठभागावर पातळ साय धरते. उकळूनही वाचलेले बीजाणू, म्हणजे जिवाणूंची टणक, सुप्त रूपे, अंकुरल्यामुळे हे घडते, आणि त्यांत बॅसिलस प्रजातीचे दंडाणू प्रामुख्याने असतात. फर्डिनांड कोन याने १८७६ साली गवताच्या काढ्यावरच अभ्यास करून अशा बीजाणूंचे वर्णन केले होते. हे पाणी चाखू नये आणि अन्नाच्या भांड्यांजवळ ठेवू नये.

हालचाल पाहण्यासाठी आच्छादन काचेच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीन लावावे, मधोमध या पाण्याचा थेंब ठेवावा, त्यावर खोलगट पट्टी उपडी ठेवून सर्व एकदम उलटे करावे, म्हणजे थेंब लोंबता राहील. प्रकाश कमी करून थेंबाच्या कडेवर लक्ष केंद्रित करावे. सर्व कण जागच्या जागी थरथरत असतील तर ती ब्राउनी हालचाल होय. एखादी पेशी इतरांना मागे टाकून अनेक लांबी सरळ गेली आणि मग दिशा बदलून वळली, तरच तिला कशाभिका आहेत असे म्हणावे. कशाभिकेची जाडी सुमारे २० नॅनोमीटर असल्याने ती स्वतः दिसत नाही. तिच्या तळाशी पेशीपटलात बसवलेली चकती प्रोटॉनच्या प्रवाहावर फिरते. समुद्रात राहणाऱ्या व्हिब्रिओ प्रजातीच्या ध्रुवीय कशाभिकेत हेच काम सोडियमचा प्रवाह करतो, आणि खाऱ्या पाण्यात सोडियमची वाण नसल्याने ही सोय अगदी चपखल म्हटली पाहिजे.

तेच पाणी आणखी तीन-चार दिवस ठेवून त्याचे ग्राम अभिरंजन केले की जांभळ्या दंडाणूंच्या पोटात स्वच्छ, रंग न घेतलेली लंबगोल जागा दिसते. हाच बीजाणू. त्याच्या गाभ्यात पाणी फार कमी, कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरपूर, आणि भोवती प्रथिनांची दाट आवरणे असल्यामुळे रंगही आत जात नाही आणि उकळत्या पाण्याची उष्णताही त्याला मारत नाही. त्याला मारण्यासाठी १२१ अंश सेल्सिअसची वाफ १५ मिनिटे लागते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पुरेसा असल्याने १५ पौंड दाबाचा घरगुती कुकर कोकण किनाऱ्यावर साधारण या तापमानाला पोहोचतो. घाटावरच्या उंच गावी तो किंचित कमी पडतो.

एक अपवाद: गुलाबी पडलेली सुकी मासळी

खारवलेल्या मासळीवर पावसाळ्याच्या तोंडाला गुलाबी बुरशी आली, असे बाजारात म्हटले जाते. पुष्कळदा ती बुरशी नसते आणि जिवाणूही नसतात; मिठाच्या तीव्र द्रावणातच जगणारे ते आर्किया, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव, असतात. कार्ल वूज आणि त्याच्या सहकाऱ्याने १९७७ साली आर्कियांना जिवाणूंपासून वेगळा गट मानावे असे दाखवले. त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसते. बहुतेकांचे बाह्य आवरण प्रथिनांचे असते आणि ते भरपूर मिठाशिवाय टिकत नाही, म्हणून नेहमीसारखा साध्या पाण्यात लेप केला तर पेशी फुटून पट्टीवर नुसता गुलाबी चिखल उरतो. लेप मिठाच्या संपृक्त द्रावणात करावा, वाळवावा, आणि ज्योतीऐवजी २ टक्के अ‍ॅसेटिक आम्लात पाच मिनिटे बुडवून पक्का करावा. आम्ल पेशी स्थिर करते आणि मीठही धुऊन काढते. त्यानंतरचे अभिरंजन बहुधा गुलाबी येते. याचा अर्थ त्यांना ग्राम-ऋण जिवाणूंसारखे बाह्यपटल आहे, असा मुळीच नाही. रंग धरला गेला नाही, एवढेच ही पट्टी सांगते. का धरला गेला नाही, हे रचना वेगळी तपासूनच ठरवावे लागते. वरच्या वर्गातील मुलांसाठी हा प्रयोग मी मुद्दाम शेवटी ठेवतो.

आवराआवर

वापरलेल्या पट्ट्या घरगुती ब्लीचच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवाव्यात. पेंढ्याचे पाणी ओतून देण्यापूर्वी कुकरमध्ये १५ मिनिटे ठेवावे, आणि हा कुकर पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. ऑइल इमर्शनची लेन्स लेन्सकागदाने तेल निघेपर्यंत टिपावी. किनाऱ्यावरच्या आर्द्रतेत लेन्सच्या काचेवर बुरशीचे जाळे धरते आणि ते एकदा काचेत रुतले की निघत नाही. म्हणून सर्व लेन्स काढून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि जेल गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून निळे करून घ्यावे.